बनुबाईची कमल

“मग कालची ती कमल कुठं गेली?” गोजरबाईने विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता विचारलं.

“तिची गोष्ट काल संपली, आक्का. आज दुसरी हाय,” बनुबाई म्हणाली.

“आशी कशी संपंल? नवऱ्यानं घराभाईर काढली, एष्टी स्टँडावर येऊन बसली, अन् संपली?”

बनुबाईने पुस्तकाचं पान उलटलं. संगमनेरात गोजरबाईच्या पडवीत सहा बायका विड्या वळायला बसत. बनुबाईही पूर्वी वळायची, पण बोटं आखडली आणि तिचं ते काम गेलं. सातवी शिकलेली होती म्हणून ती आता वाचून दाखवायची, आणि त्याबदल्यात प्रत्येकीने आपल्यातल्या मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या. त्यावर तिची चूल पेटायची. जाड कादंबरी मिळाली की दोन-दोन महिने घोर नसे. पण चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात वाचनालयातल्या कादंबऱ्या बांधणीला गेल्या आणि तिच्या हाती एक कथासंग्रह पडला.

त्या पुस्तकाने तिला जेरीस आणलं. माणसांशी जरा कुठे ओळख व्हावी, सासूचा आवाज कसा काढायचा ते जमावं, तोवर कथा खलास. दुसऱ्या दिवशी नवं घर, नवी माणसं, सगळं पहिल्यापासून. वाचून जीव नुसता शिणायचा. शेवट तर असे, की पुढचं पान कुणी फाडलंय की काय म्हणून बघावं. बायका जांभया द्यायला लागल्या. त्यांच्यातल्या जहिराने घरून रेडिओ आणायची भाषा काढली, तेव्हा मात्र बनुबाईला आपलं सूप रिकामं दिसायला लागलं. रेडिओला काही विड्या द्याव्या लागत नाहीत.

मग तिने लबाडी केली. तिसऱ्या कथेतल्या बाईचं नावच बदललं. स्टँडावर बसलेली कमलच पुढे शाळेत बाई झाली, असं वाचून दाखवलं. पाचव्या कथेत कमलने दुसरं लग्न केलं, सातव्यात सासऱ्याला कोर्टात उभं केलं. बायका खूश. रेडिओचं नाव कुणी काढेना. बनुबाईलाही ते पुस्तक पहिल्यांदाच बरं वाटायला लागलं. भाकरी थापतानाही डोक्यात कमलच असायची.

पुढचं आधी वाचून ठेवायची तिला सवय नव्हती. नवव्या कथेतही तिने कमलचंच नाव घेतलं, आणि अर्ध्यावर आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की ही बाई दवाखान्यातून परत येणार नाही. आता माघार घेता येईना. सगळ्यांचे हात थांबले होते. पुस्तकात लिहिलं होतं तसंच तिने वाचलं. जहिराने ओढणी डोळ्यांना लावली.

दुसऱ्या दिवशी चार कथा उरल्या होत्या. बनुबाईने पुस्तक उघडलं.

“ठिव ते,” गोजरबाई म्हणाली. “घरातलं मानूस गेलंय. तीन दिस वाचू नगं.”

बनुबाईने पुस्तक मिटलं आणि स्वतःच वळायला विडीची पानं पुढ्यात ओढली. पहिलं पान वळताना फाटलं. दुसरंही फाटलं. गोजरबाईने तिच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं.

“तुला तर लई जवळची हुती. बस नुसती. तुझ्या वाटचं आमी वळू.”

कमल नावाची बाई पुढच्या कथांत नव्हतीच, सगळं मीच रचलं, असं कबूल करायला बनुबाईने तोंड उघडलं आणि तिला रडूच फुटलं. सहा जणी मान खाली घालून विड्या वळत राहिल्या.