खिळ्यावरची किल्ली

वीस वर्षं खुर्चीला चिकटून बसलेले थोरले साहेब एका मंगळवारी विमानात बसून पळाले आणि बुधवारी सकाळी कुलूपवाल्याच्या दुकानासमोर रांग लागली. तुम्ही म्हणाल, सरकार पडलं तर लोक चौकात नाचतील, कुलपांच्या दुकानात कशाला येतील? अहो, नाचले की! नदीकाठचे, डोंगराकडचे, बंदरातले, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून नाचले. आणि घरी जाता जाता कुलूपवाल्याकडे डोकावले.

"जरा लॅच बदलायचंय," प्रत्येक जण आवाज खाली आणून म्हणायचा. "गाजावाजा नको."

गाजावाजा नको, कारण या गावात किल्ली शेजाऱ्याकडे ठेवायची जुनी रीत. तुमची जादा किल्ली समोरच्यांच्या दाराआडच्या खिळ्यावर, त्यांची तुमच्या. समोरचा घरात कुठली भाषा बोलतो, हे कुणी मनावर घ्यायचं नाही. आता मात्र सगळ्यांना एकाएकी ते आठवलं. नवं सरकार डोंगराकडच्यांचं, असं नदीकाठचे म्हणायचे. छे, ते तर बंदरातल्यांच्या खिशात, असं डोंगराकडचे म्हणायचे. बंदरातले काहीच म्हणत नव्हते, म्हणून त्यांच्यावर तर सगळ्यांचाच डोळा. आता शेजाऱ्याकडून किल्ली परत मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. मग काय करायचं? कुलूप गुपचूप बदलायचं आणि जुनी किल्ली समोरच्या खिळ्यावर लटकू द्यायची.

सकाळी औषधवाला आला. "समोरच्या मास्तरांना कळू देऊ नका, माणूस चांगला आहे हो, पण दिवस वाईट." संध्याकाळी मास्तर आला. "औषधवाल्याच्या कानावर जायला नको, देवमाणूस आहे तो, पण..." कुलूपवाला दोघांनाही "हो हो" म्हणाला. हसूही येईना त्याला. दहा दिवसांत त्याने साठ-सत्तर कुलपं बदलली. गावातल्या खिळ्यांवरच्या निम्म्या किल्ल्या मेलेल्या आहेत, हे त्या गावात एकट्या त्यालाच माहीत होतं.

मधे एक माणूस फॉर्म घेऊन गल्लीत फिरून गेला. सत्तापालटाबद्दल काय वाटतं? इतर समाजांवर विश्वास आहे का? सगळ्यांनी सांगितलं, पूर्ण विश्वास आहे, आम्ही सगळे एक. कुलूपवाल्यानेही तेच सांगितलं. फॉर्मवाला खूश होऊन निघाला आणि पायरीवर थबकला. "तुम्ही घरी येऊन कुलूप बदलून देता का हो?"

इथवर सगळं लोकांचं झालं. पण लोकांची कुलपं बदलणारा हा शहाणा स्वतः काय करत होता?

त्याच्या घरी तो आणि त्याचे वडील, दोघंच. दादा ब्याऐंशीचे. काठी घेऊन चालायचे, आणि ती काठी कुठे ठेवली हेच विसरायचे. हा दिवसभर दुकानात. पण समोर शिवणाऱ्या ताई राहायच्या, त्यांच्या खिळ्यावर याची किल्ली होती आणि त्याच किल्लीच्या जोरावर हा निर्धास्त असायचा. दुपारी ताई दार उघडून दादांना औषध द्यायच्या, दोन शिव्या खायच्या, दोन द्यायच्या. चौदा वर्षं हे चाललं होतं.

ताई डोंगराकडच्या, हा नदीकाठचा. बुधवारपासून त्यांच्याकडे त्यांचा भाचा येऊ लागला, दंडाला नव्या सरकारची निळी पट्टी बांधून. येताना गाठोडं आणायचा, जाताना दुसरं न्यायचा. कुलूपवाल्याने दाराच्या फटीतून तीनदा पाहिलं. पाहिलं कसलं, डोळा लावून बसला होता. नदीकाठच्यांच्या घरांची यादी होतेय, अशी वदंता होती. काय असेल गाठोड्यात? आणि याच बाईकडे आपल्या घराची किल्ली!

मनात एकदा किडा शिरला की तो पोखरणारच. शुक्रवारी ताई कापड आणायला गेल्या, तेवढ्यात त्याने लॅच बदललं. नवं पितळ चमकून चुगली करेल, म्हणून त्यावर तेलात कालवलेली काजळी फासली. कसब म्हणतात ते हे!

"दुपारचं औषध?" दादांनी विचारलं.

"मी येऊन देत जाईन. आणि ताईंनी हाक मारली तर झोपलोय म्हणून सांगा."

"झोपलेला माणूस कसा सांगेल, गाढवा?"

"दादा, ऐका जरा."

"ती बाई चोर आहे का?"

"मी कुठे म्हटलं चोर? दिवस वाईट आहेत."

औषधवाल्याचंच वाक्य. म्हणताना त्याला लाज वाटली, पण लॅच काही त्याने पुन्हा काढलं नाही. ताईंना वाटेत गाठून म्हणाला, दुकानात हल्ली दुपारी काम नसतं, दादांचं मीच बघेन. ताई "बरं" म्हणाल्या. एवढंच. दुकानाबाहेर रांग लागलेली त्यांना दिसत नव्हती का? "बरं" म्हणजे काय बरं? त्या "बरं"वर त्याने अख्खी रात्र कूस बदलली.

मंगळवारी सकाळी तो कानस घेऊन किल्ली घासत होता, तोच ताई रस्त्याने धावत आल्या. पायात चप्पल नाही, गळ्यात मापाची पट्टी तशीच. फोन तर सत्तापालटापासून बंदच होते.

"चल! दादा पडलेत. आतून कण्हतायत. केव्हाची हाका मारतेय मी."

तो उठला आणि धावत सुटला. दुकान उघडंच राहिलं. धावताना एकच धाक: आता ताई म्हणणार, किल्ली लागली नाही. या वळणावर म्हणतील. या जिन्यावर म्हणतील. पण ताई नुसत्या धापा टाकत मागून येत होत्या. पंधरा मिनिटं ताईंना यायला, दहा दोघांना जायला, तेवढा वेळ म्हातारा फरशीवर. कुणामुळे? सरकारमुळे?

दार उघडलं. दादा न्हाणीच्या उंबऱ्यावर पडलेले, पाय वेडावाकडा, ओठ पांढरे. शुद्धीवर होते. पोराकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

जिन्यात माणसं जमली. वरच्या मजल्यावरची बाई बोललीच, "अहो ताई, तुमच्याकडे यांची किल्ली असते ना? दार का नाही उघडलंत?"

कुलूपवाल्याने दादांच्या मानेखाली उशी सरकवली.

"झिजली असेल," ताई म्हणाल्या. "चौदा वर्षं झाली तिला."

एका पोराने सायकलवरून जाऊन रुग्णवाहिका आणली; तीत एकालाच बसायला जागा होती. दादांनी ताईंचा हात धरला तो सोडेनात. ताई आत चढल्या आणि तिथून ओरडल्या, "अरे, माझी इस्त्री चालू राहिलीय! दार ओढून घेतलंय मी. बंद कर जा, तुझ्याकडे किल्ली आहेच!"

आहेच. दाराआडच्या खिळ्यावर होती ती, धूळ खात. त्याने ती काढली, पण हात पुढे होईना. ही काय लागणार? भाच्याने केव्हाच कुलूप बदलून दिलं असणार, शहरात कुलूपवाले काय कमी आहेत? सगळं गाव जे करतं तेच यांनी केलं असणार. खरं सांगायचं तर, ती लागू नये अशीच त्याची इच्छा होती. म्हणजे फिटंफाट झाली असती.

किल्ली घातली, फिरवली. दार उघडलं.

आत जळका वास. इस्त्रीखाली एक पट्टी करपली होती. टेबलावर निळ्या पट्ट्यांचा ढीग होता, दंडाला बांधायच्या. म्हणजे संशय अगदीच खोटा नव्हता तर. बाई नव्या सरकारचं काम करत होत्या आणि त्यांचं दार त्याच्या किल्लीने उघडत होतं. त्याने इस्त्री बंद केली आणि तिथेच खुर्चीवर बसून रडला.

दवाखान्यात दादांच्या मांडीचं हाड खुब्याशी मोडल्याचं सांगितलं. जिवावरचं खुब्यावर निभावलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण आता चालणं कठीण. ताई बाकावर बसल्या होत्या.

"बंद केलीस?"

"केली. ताई, ही किल्ली घ्या. नवी आहे. मी कुलूप बदललं होतं."

"ठाऊक आहे. शुक्रवारीच बघितलं." ताईंनी किल्ली घेतली नाही. "काजळी छान फासलीस, पण भोक उभं होतं ते आडवं झालं. अरे, काज आडवं की उभं हे बघण्यात जन्म गेला माझा."

त्याने मान खाली घातली. खाली बघतच विचारलं, "मग तुम्ही का नाही बदललंत?"

"बदलायचं होतं की. भीती काय तुम्हालाच वाटते? दोनदा तुझ्या दुकानापर्यंत येऊन गेले." त्यांनी पदराने डोळे पुसले. "पण मला कुलूपवाला एकच माहीत. आणि त्याला कुठल्या तोंडाने सांगू, की बाबा, तुझ्यापासून माझं घर बंद करून दे?"