पुसलेली पांदण

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहो. कागदाचा, चार घड्याइचा. एक कोपरा उंदरानं खाल्ला. वय शंभराच्या वर आहे. मले माही कीव येत नाही, तुमीबी करू नका. जे झालं ते सांगतो.

माह्यावर एकच गाव आहे, बोरगव्हाण. अंजनगाव सुर्जीकडचं. मोजणीवाले आले तवा उन्हाळा होता. लोखंडी साखळी ओढत ते शेताशेतानं हिंडले. एक जण आकडा ओरडे, दुसरा लिहे. मंग एका माणसानं खोलीत बसून बारीक टाकानं मले काढलं. बांध काळ्या शाईनं, नाला निळ्या शाईनं, विहिरीले बारका गोल. अन् पांदणी तपकिरी शाईनं, ठिपक्या-ठिपक्याच्या दोन रेघा. पांदण म्हणजे गावातून शेतात जायची बैलगाडीची वाट. पांदण कोण्या एकाच्या मालकीची नसते, सगळ्याइची असते. म्हणून तिचा रंगच येगळा ठेवला होता.

मंग मी भगवंतराव पटवाऱ्याच्या ताब्यात गेलो. माणूस हुशार, पण तोंडात कायम पान. अंजनगावचे पानमळे याच्याच भरवशावर उभे हायेत असं लोक म्हणत. एकदा दोन भावाइचं बांधावरून भांडण लागलं, तवा मले ओट्यावर पसरलं. भगवंतरावानं न्याय सांगाले तोंड उघडलं अन् थेंब पडला माह्यावर. चांगला रुपयाएवढा, नेमका एका पांदणीवर.

"काई होत नाई," म्हणून त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसला म्हणजे पसरवला.

तरी त्या दिवसाइत मले मान होता. माह्यावर बोट ठेवलं का भांडण थांबे. पण पटवारी गेला, अन् मी पत्र्याच्या नळीत पडून राहिलो. त्याच्या नातवानं घर झाडताना ती नळी अमरावतीले राजापेठकडच्या एका जुन्या वाचनालयात आणून देल्ली. चाळीस वर्सं मी तिथं कपाटावर होतो. कोणी शिवी देल्ली नाही, कोणी नावबी घेतलं नाही. खाली परीक्षेवाले पोट्टे खुसफुस करत, वर पंखा कुरकुर करे. मी घडीवर फाटत होतो. एकदम नाही, रोज थोडा थोडा.

मंग प्रणाली आली.

जुने नकाशे कम्प्युटरात चढवायचं काम निघालं होतं अन् ते कंत्राटावर तिले भेटलं. पोरगी डोळ्यानं तेज, जिभेनं तिखट. मऊ ब्रशानं तिनं माही धूळ काढली. काचेवर ठेवून चार तुकड्यात माहा फोटो घेतला अन् कम्प्युटरात ते तुकडे जोडले. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण वाचनालयाचे ग्रंथपाल जीवन सर मांगं येऊन उभे राह्यले.

"प्रणाली, उद्घाटनाले पाहुणे येऊन राहिले. चकाचक पायजे. घाण दिसली नाई पायजे."

तिनं पडद्यावर पाह्यलं अन् कपाळावर हात मारला. "नकाशावरबी थुंकले! या लोकाइले भिंती पुरत नाईत का?"

राजापेठेत रोज जिना चढताना ती पिचकाऱ्या पाह्यत यायची. तो सगळा राग तिथं निघाला. तिनं त्या डागाचा रंग धरला अन् कम्प्युटरले सांगितलं, हा रंग जिथं जिथं असन तिथून उडव. डाग गेला. पण डाग जुना होऊन तपकिरी पडला होता; त्याचा रंग अन् पांदणीच्या शाईचा रंग एकच होता. डागासंगं गावातल्या साऱ्या पांदणीबी गेल्या. तिनं डागाच्या जागेवरच पाह्यलं, बाकी कुठं पाह्यलंच नाही. राग आला का माणसाची नजर जिथं राग आहे तिथंच राह्यते.

असे दोनशे बारा नकाशे झाले. उद्घाटन झालं. प्रणालीले शाल अन् नारळ भेटला, पेपरात फोटो आला. पडद्यावर मी एकदम तरणा दिसत होतो. पाहुणे वा वा करत होते. मी मात्र खालच्या कप्प्यात होतो. माह्यापेक्षा माहा फोटो लोकाइले जास्त आवडला होता, अन् त्यात नवल काई नव्हतं.

वर्सभरानं, झेंडूच्या दिवसात, एक बाई पिशवी घेऊन आली. सत्यभामाबाई. बोरगव्हाणात दोन एकरात झेंडू अन् शेवंती लावते.

"कोण हाय इथं नकाशेवाली?"

"मी. चप्पल बाहेर काढा काकू, फरशी आत्ताच पुसली."

"पुसायचा लय शौक दिसते तुले," बाई म्हणाली. अजून तिलेबी माईत नव्हतं का ती काय बोलून गेली.

तिनं पिशवीतून कागद काढला. माहाच फोटो, छापलेला. तिच्या बाजूचं वावर गजेंद्र नावाच्या माणसानं घेतलं होतं. त्यानं पांदण नांगरली अन् तारेचं कुंपण घातलं. आता बाई फुलाइची टोपली डोक्यावर घेऊन नाल्यातून चिखल तुडवत रस्त्याले लागत होती. तिनं तहसीलीत अर्ज केला. तहसीलीतली नकाशाची प्रत त्याच जागी घडीवर फाटून उडालेली निघाली. अन् गजेंद्रानं वाचनालयाचा हा कागद काढून पुढं ठेवला. यात तं पांदणच नाई मॅडम, म्हणे.

"मंगळवारी निकाल हाय," सत्यभामाबाई म्हणाली. "तोंडावर दसरा आला. सकाळी तोडलेलं फूल दुपारी कोणी घेत नाई बाई. वाट बंद झाली तं मले झेंडू उपटून टाका लागन."

"नकाशातच नसन तं मी कुठून आणू, काकू?"

"मी नवरी होऊन आली ना, तवा त्याच वाटेनं गाडीत बसून वावर पाह्याले गेली होती. अन् तू मले सांगतं नाई म्हणून?"

"मी नाई सांगत, नकाशा सांगते!"

"मंग नकाशा दाखव. हा कम्प्युटरातला नको. खरा दाखव."

प्रणालीनं रागारागानं कप्पा ओढला अन् मले टेबलावर पसरलं. सत्यभामाबाईले नकाशा वाचता येत नव्हता, पण गाव येत होतं. तिनं गावठाणावर बोट ठेवलं अन् चालाले लागली. "हे मारुतीचं देऊळ. हा नाला. इथून पांदण वळते." बोट डागात शिरलं, डागाच्या पल्याड निघालं, ठिपक्याठिपक्यानं जाऊन एका बारक्या गोलावर थांबलं. "अन् हे माही विहीर. आता सांग बाई, यातली पांदण त्याच्यातून कोणं पुसली?"

प्रणालीनं माह्याकडं पाह्यलं. पडद्याकडं पाह्यलं. परत माह्याकडं.

"मी," ती म्हणाली.

आवाज ऐकून जीवन सर आले. सगळं ऐकलं अन् चष्मा पुसत बसले. मंग हळूच म्हणाले, "एवढं काय त्यात? नवा फोटो काढ, गुपचूप चढवून दे."

"अन् गजेंद्र म्हणन, काल नव्हती तं आज कशी उगवली?" सत्यभामाबाई म्हणाली. "कम्प्युटरात रेघ मारली म्हणन. मले हाच पायजे. मंगळवारी."

"मूळ प्रत बाहेर जात नाई, बाई. नियम हाय."

"मी घेऊन जातो सर," प्रणाली म्हणाली. "अन् लिहूनबी देतो, का पांदण मी पुसली म्हणून."

"डोकं फिरलं का तुहं? पुढच्या वर्सीचं कंत्राट विसर मंग. एका नकाशाचं लिहून देल्लं का लोक म्हणतीन दोनशे बारा खोटे."

"मंग खोटेच हायेत! मले कुठं माईत हाय मी अजून काय काय उडवलं?"

प्रणालीनं कागद घेतला. तिचं अक्षर वाकडं. तीन कागद खराब केले. चौथ्यावर लिहिलं: "डाग समजून मी हा रंग काढला. त्यात पांदणी गेल्या. चूक माझी आहे, नकाशाची नाही." सरांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचाले घेतलं अन् ठेवून देल्लं. मंग शिक्का मारला.

"पाण्याचा एक थेंब पडला याच्यावर, तं पाह्य मंग," ते म्हणाले.

मंगळवारी चाळीस वर्सानं मी बाहेर निघालो. अंजनगावच्या एसटीत, नळीत, प्रणालीच्या मांडीवर आडवा. कंडक्टर म्हणे, "पाइप डिक्कीत टाका मॅडम, रस्ता अडून राहिला."

"तुमी बसा डिक्कीत. हा इथंच राहीन."

तहसीलीत गजेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तहसीलदार मॅडमसमोर मले टेबलावर उघडलं, तसा तो सत्यभामाबाईकडं पाहून हसला. "मॅडम, हे तं पानाची पिचकारी हाय. वयनी, पिचकारीवरून गाडी हाकता का आता?"

मांगं उभे असलेले लोक हसले. प्रणाली लाल झाली. मले वाटलं आता ही काई तरी फेकून मारते. पण तिनं कागद काढला अन् वाचला. पुरा वाचला, 'चूक माझी आहे'सुद्धा. मंग कोणी हसलं नाही.

"आता लिहून आणलं, या पोरीले पटवून घेतलं!" गजेंद्र ओरडला अन् त्यानं माह्यावर पंजा आपटला. माही मधली घडी चर्रकन फाटली. प्रणालीनं त्याचा हात धरून बाजूले केला. "बोट ठेवा. हात ठेवायचा नाई."

तहसीलदार मॅडम इतका वेळ भिंग घेऊन वाकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डाग इथं संपतो. ठिपके पुढे विहिरीपर्यंत गेलेत." मंग त्यांनी गजेंद्राचा छापील कागद उचलला. "गजेंद्रजी, नाल्याच्या पलीकडे तुमचं अजून एक शेत आहे ना? तिथं कसे जाता?"

"ट्रॅक्टर घेऊन जातो."

"कोणत्या रस्त्यानं?"

"पांदणीनं. तिकडच्या."

"ती मला तुमच्या या कागदावर दाखवा."

गजेंद्रानं कागद घेतला. आडवा धरला, उभा धरला. बोट इकडून तिकडं नेलं. त्या कागदावर बोरगव्हाणातल्या कोण्याच माणसाले शेतात जायची वाट नव्हती. एवढ्या दिवसात हे कोणी पाह्यलंच नव्हतं. गजेंद्रानं नाही, तहसीलीनं नाही, वा वा करणाऱ्या पाहुण्याइनं नाही.

"बोला," मॅडम म्हणाल्या. "का सगळं गाव शेतात उडत जातं?"

आठ दिवसात तार काढायचा हुकूम झाला. सत्यभामाबाईनं प्रणालीच्या डोक्यावर हात ठेवला, मंग एक टपली मारली. "पुसायच्या आधी इच्यारत जाय पोरी."

त्या वाटेनं पुढं कोण गेलं, झेंडू कधी गेला, ते मले माईत नाही. मी नकाशा आहो. माह्यात वाट असते, वाटेवरचे माणसं नसतात.

मी परत आलो तवा जीवन सर टेप घेऊन उभे होते. "चिपकवून टाकू, दोन मिन्टाचं काम."

"टेप लावू नका सर! वर्सभरात पिवळी पडते, अन् काढाले गेलं तं शाई घेऊन निघते." तिनं मैद्याची पातळ खळ शिजवली, थंड केली, मांगून पातळ कागदाची पट्टी लावली अन् रात्रभर वजनाखाली ठेवलं मले. जोड दिसते. दिसू द्या.

तं मित्रांनो, तुमच्या घरीबी कोणी ना कोणी जुना कागद असन. त्याले पाणी लावू नका, टेप लावू नका, नव्यासारखा कराले जाऊ नका. त्याचा फोटो जरूर काढा, पण जसा आहे तसा काढा, डागासकट. अन् फोटो काढला म्हणून कागद फेकू नका. आमी बोलत नाही. आमच्यातलं काय गेलं ते आमच्याच्यानं सांगता येत नाही. कोणी बोट ठेवून पाह्यलं तंच ते सापडते.

प्रणालीचं कंत्राटाचं अजून काई ठरलं नाही. ती रोज येते अन् एकेक नकाशा पहिल्यापासून काचेवर ठेवते. आजपर्यंत एकतीस झाले. काल अकोटहून एक म्हातारबा आले होते, आपल्या गावचा नकाशा छापून मांगत होते. कम्प्युटरात तो होता, चकाचक. प्रणालीनं पडदा बंद केला.

"थांबा बाबा," ती म्हणाली. "तुमचं गाव अजून मी पुसलेलंच हाय. परत काढतो, मंग या."