भांडणाची तालीम

कारभारीने काठी उगारली, दोन पावलं पुढे टाकली आणि वाळत घातलेल्या पापडांवर पाय पडू नये म्हणून अंग चोरून बाजूला झाला.

"असं नाही हो," स्नेहल म्हणाली. "पापड वाचवत कोणी दंगल करतं का?"

"पापड शमशादभाभीचे हायेत," कारभारी म्हणाला. "ऊन इथंच चांगलं पडतं, म्हणून मालनबाईंच्या दारात टाकलेत."

श्रीरामपुरातल्या रेल्वेलाइनच्या कडेची ही वस्ती. मालनबाईंचं ख्रिस्ती घर, शमशादचं मुसलमानाचं आणि मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या कारभारीचं हिंदू. तिन्ही दारं एकाच उघड्या गटारीवर. गेल्या आठवड्यात मालनबाईंची चार वर्षांची नात निकिता त्या गटारीत डोक्यावर पडली. कारभारीने तिला बाहेर काढलं, शमशादने तिला उचलून दवाखान्यापर्यंत धाव घेतली. कपाळाला टाके पडले.

स्नेहल ज्या संस्थेत काम करायची, ती धार्मिक सलोख्यासाठी झटायची. गटारीवर झाकण बसवून द्या, म्हणून तिने नगरच्या ऑफिसला फोन केला, तेव्हा भागवत सरांनी शांतपणे विचारलं होतं, "वस्तीत तणाव आहे का?"

"नाही, सर. सगळे मिळून राहतात."

"मग अवघड आहे," सर म्हणाले होते. "तणावग्रस्त वस्तीला सामाईक सुविधा देता येते. मिळून राहणाऱ्यांसाठी आपल्याकडे काही नाही."

पोरीचं कपाळ फुटलं ते पुरेसं नव्हतं. ते कोणीतरी फोडायला हवं होतं, आणि तेही दुसऱ्या धर्माच्या माणसाने. फोन ठेवताना स्नेहलचे कान संतापाने तापले होते. तणावच पाहिजे ना, मग देऊच. उद्या संस्थेचा माणूस नेहमीच्या पाहणीला येणार होता, आणि मालनबाई तर लगेच तयार झाल्या. "झाकन मिळत असंल तर भांडू की. न्हाईतरी दुपारच्याला काय काम असतंय, पोरी?"

"आता भाभी, तुम्ही," स्नेहल म्हणाली.

शमशादने पदर खोचला. "कारभारी, तुझ्या बायकोनं माझा कुकर नेला आन शिट्टी हरवून आनला. वर म्हनती, असाच हुता."

"असाच हुता," कारभारी म्हणाला.

हे छान रंगलं असतं, पण स्नेहलने हात वर केला. "कुकर नको. धर्मावरून पाहिजे."

"धर्मावरून काय बोलायचं असतं?" शमशादने विचारलं. खरंच विचारलं.

कारभारीने बराच विचार केला. "मालनबाईंच्या नाताळाच्या करंज्यांत सारन कमी असतंय."

"खोबऱ्याचा भाव बघितला का?" मालनबाईंना ते लागलं. "आन मग चार-चार खाल्ल्या कशाला?"

"थांबा," स्नेहल म्हणाली. "मी सांगते, तसं म्हणा."

आधी तिने कारभारीची वाक्यं सांगितली, मग शमशादची. 'तुमी लोक'पासून सुरू होणारी. तिला आठवावं लागलं नाही. घरच्या ग्रुपवर काका रोज सकाळी गुलाबाच्या फुलाखाली पाठवायचे, तीच. एकामागून एक, अडखळण्याची जागाच नसलेली. जोर कुठे द्यायचा तेही तिने करून दाखवलं.

तिचं बोलून झालं.

पायरीवर बसलेल्या निकिताचं मनगट धरून मालनबाईंनी तिला आत नेलं. शमशाद खाली बसून पापड गोळा करू लागली. ते अजून ओलेच होते. कारभारीने काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"हे हापिसातनं लिहून दिलंय का?" त्याने हळू विचारलं.

"नाही."

"मग पाठ हाय?"

मालनबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. स्नेहल इथे येऊ लागल्यापासून दोन वर्षांत पाणी कधी चुकलं नव्हतं, आजही चुकलं नाही.

"घ्या, मॅडम," त्या म्हणाल्या.

"मालनबाई, उद्या तो माणूस येईल तेव्हा…"

"आमी सांगू त्यांना, आमचं काय भांडन न्हाई. झाकन न्हाई आलं तर न्हाई येऊ द्या. पोरीला हाताला धरून नेत जाऊ." मग दाराची कडी धरून त्यांनी विचारलं, "तुमचं पानी झालं का?"

पाणी झालं तसं दार लागलं. भर दुपारी ह्या वस्तीत दार लागलेलं स्नेहलने पहिल्यांदाच पाहिलं. शमशादचंही लागलं.

रेल्वे फाटकापाशी येऊन तिने फोन लावला.

"सर, वस्तीत तणाव आहे."

"अरे वा," भागवत सर म्हणाले. "कधीपासून?"

"आज दुपारपासून."

"मग झाकणाचं बसेल आता. कोणाकोणात आहे?"

"एका बाजूला सगळी वस्ती आहे, सर. दुसऱ्या बाजूला मी."

फोनमधून कागद उलटल्याचा आवाज आला. सर लिहून घेत होते.

"बरं," ते म्हणाले, "दुसऱ्या बाजूचा धर्म काय लिहू?"