कोपऱ्यातली पिवळी खुर्ची

मी बालवाडीतली पिवळी खुर्ची बोलतेय. उंचीने मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्याही खाली. सुताराने माझे कोपरे घासून गोल केले, त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "जा, आता कुणाला लागायची नाहीस."

सुरुवातीला माझे खूप लाड झाले. मुलांनी मला कधी गाडी केलं, कधी दुकान. पुढे एक पाय झिजला, मी डुगडुगायला लागले आणि बाईंनी मला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. जो मारेल, ढकलेल, चावेल, त्याने माझ्यावर बसायचं. मुलं माझ्याजवळून जाताना अंग चोरू लागली.

बाई दुष्ट नव्हत्या हो! वर्गभर मुलं आणि सांभाळायला त्या एकट्या. दुपारपर्यंत घसा बसायचा. त्यातच एक नवी मुलगी आली. बोलायची नाही, पण चावायची कडकडून. रोज रडत माझ्यावर यायची. इतर मुलांच्या आया चिडल्या आणि गोष्ट "तिला काढून टाका" इथवर गेली.

अशात एका सुट्टीच्या दिवशी आमच्या वर्गात शिक्षिकांचं प्रशिक्षण ठरलं. बाई कुरकुरल्या, "इतकी वर्षं मुलं सांभाळली, आता मला काय शिकवणार?" शिकवायला आलेल्या ताई त्यांच्या लेकीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "मुलं जिथे बसतात, तिथे बसून वर्ग बघा." बाई उशिरा पोहोचल्या, तेव्हा फक्त मीच उरले होते.

बाई बसल्या. गुडघे पार हनुवटीला टेकले. समोर नुसती भिंत. मागे कुणीतरी हसलं आणि बाईंनी चटकन वळून विचारलं, "मला हसताय का?"

"नाही हो, आमचं दुसरंच चाललं होतं."

ताई शेजारी फरशीवर येऊन बसल्या. "काय वाटलं?"

"आपलं काय चुकलं, ते इथे बसून सुचतच नाही. परत कधी बोलावतील, एवढंच डोक्यात येतं." बाई ताईंकडे वळल्या. "पण मग त्या चावणाऱ्या पोरीचं करू तरी काय?"

"मलाही नक्की माहीत नाही. मी वर्गात येते. दोघी मिळून बघू."

ताई खरंच आल्या. कुणी खेळणं ओढलं की मुलीचे ओठ हलायचे, शब्द फुटायचा नाही, मग दात लागायचे. हे दोघींनी पाहिलं. बाईंनी मला उचलून ठोकळ्यांपाशी तिच्या शेजारी ठेवलं आणि स्वतः बसल्या. ओढाओढ झाली की सांगायच्या, "म्हण, नको."

पहिल्याच दिवशी ती बाईंनाच चावली! बाई लाल झाल्या, बोट कोपऱ्याकडे उठलं. पण मी तर त्यांच्याच खाली! त्यांना हसू फुटलं. हात चोळत म्हणाल्या, "दुखलं गं मला. म्हण, नको."

काही दिवसांनी ठोकळा ओढणाऱ्या मुलावर ती केवढ्याने ओरडली, "नको!" मुलाने ठोकळा सोडला. बाईंनी तिला उचलूनच घेतलं. तिला काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता माझ्या पायाला रबर लावलंय आणि मी वर्गभर फिरते. पुढचं प्रशिक्षण कधी आहे, हे बाई स्वतःहून विचारून आल्या. परवा नव्या शिक्षिकेने विचारलं, "मस्ती करणाऱ्याला कुठे बसवायचं?" बाईंनी मला पुढे सरकवलं. "आधी तुम्ही बसा. त्याच्याकडे तोंड करून."

लहानग्यांना शिकवणाऱ्यांनो, तुम्हीही या. वजनाची काळजी करू नका. मी मोडत नाही.