अर्जातली मोकळी जागा

“गो, घरात कित्याक रडतंस? हंय येवन बस, मोकळ्यात!”

पस्तीस वर्षांपूर्वीची ही हाक, शेजारच्या शेवंतीकाकूंची. द्रौपदी तेव्हा नवी नवरी, बुलढाण्याहून दहिसरच्या चाळीत आलेली. चाळीमागे थेट नदीपर्यंत हिरवं रान, आणि काकू लाल माठाच्या वाफ्यात बसलेल्या. त्यांची मालवणी तिला अर्धीच कळली, पण ‘मोकळ्यात’ पुरतं कळलं. ती गवतात बसली, पोटभर रडली आणि घरी जाताना माठाची जुडी घेऊन गेली.

चाळीची पुढे सात मजली इमारत झाली. काकू गेल्या. रान मात्र राहिलं. कुणाचा अळू, कुणाचा मुळा, कुणाची संध्याकाळची चार पावलं. आता तिथं बिल्डरचं क्लबहाऊस आणि पार्किंगचा टॉवर येणार, अशी पालिकेची नोटीस लागली.

द्रौपदीनं दारोदार फिरून एकशे बारा सह्या आणल्या. हरकतीचा अर्ज लिहायला बसला सोसायटीचा सेक्रेटरी जयवंत, शेवंतीकाकूंचा मुलगा. त्यानं ‘मैदान’ लिहायला घेतलं, तर द्रौपदी म्हणाली, “मैदान कसलं रे भाऊ? ‘आमची मोकळी जागा’ लिही.”

“ह्यो तर माझ्या आवशीचो शब्द!” जयवंत हसला आणि त्यानं तसंच लिहिलं.

तोच शब्द अंगावर आला. पहिल्या सुनावणीत बिल्डरचा वकील अर्ज फडकवत म्हणाला, “रहिवासीच सांगतायत, जागा मोकळी आहे! रिकाम्या जागेवर बांधलं तर यांचं काय जातं?” पालिकेच्या अधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. जागा वापरात आहे हे तेव्हा पटवा, नाहीतर हरकत फेटाळली जाईल.

त्या दिवसापासून जयवंतला लिफ्टमध्ये पाय ठेवायची चोरी झाली.

“काय मोकळेसाहेब, आज कुठली जागा मोकळी केलीत?”

“एवढे शिकलेले ना तुम्ही काका,” चौथ्या मजल्यावरची निधी तर तोंडावर म्हणाली, “एका शब्दात वाट लावलीत सगळ्यांची!”

जयवंत ऐकून घ्यायचा. द्रौपदीकडे नजरसुद्धा वळवायचा नाही. खरं काय ते तिच्या जिभेवर यायचं, ती गिळायची. चौथी शिकलेली बाई अख्ख्या बिल्डिंगच्या पुढे चालत होती. घोटाळ्याचा शब्द तिचाच निघाला, तर मागून कोण येणार?

दुसऱ्या सुनावणीला वकिलानं तीच टेप लावली. अधिकाऱ्यांनी विचारलं, “‘मोकळी’ कुणी लिहिलंय? काय म्हणायचं होतं तुम्हाला?”

जयवंत उठला. “साहेब, माझी चूक...”

“चूक कसली?” द्रौपदी ताडकन उभी राहिली. अंबाड्यातला आकडा तिनं ओढला, तसे पिकले केस पाठीवर सुटले. “वकीलसाहेब, केस मोकळे सोडले मी. आता माझं डोकं रिकामं झालं का?”

सगळी खोली हसली. अधिकारीही.

“मोकळी म्हणजे कुणाला अडवत नाही ती. या निधीचे सासरे लकव्यानंतर तिथंच चालायला शिकले. वाफे आहेत, पायवाट मळलेली आहे. आत्ता चला, दाखवते. येताना भाजीपण देते.”

अधिकाऱ्यांनी लेखनिकाला सांगितलं, “शुक्रवारी स्थळपाहणी लावा. तोवर पुढचं काही नको.” वकील कागद चाळत राहिला.

टाळ्या पडल्या. निधी मागून जयवंतला म्हणाली, “बघा मोकळेसाहेब, तुमचा घोळ बाईंनी निस्तरला!”

जयवंतनं मान खाली घातली. द्रौपदी आता नुसती खाली बसली असती, तरी भागलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. ती उभीच राहिली, मागे वळली.

“त्याचा नाही, निधी. तो शब्द माझा होता. मी सांगितला, भाऊनं लिहिला. पंधरा दिवस त्यानं तुमची बोलणी खाल्ली, आणि मी गप्प बसून ऐकत होते.”