गाण्याची जागा

तापलेल्या सुरीचं टोक तिनं मेणात टेकवलं, पटाशीचा डावा दात सैल केला आणि नखानं किंचित बाजूला ढकलला. मग चष्मा कपाळावर चढवून साचा डोळ्यांजवळ नेला. समोरच्या दोन दातांमधून आता पलीकडचा उजेड दिसत होता. स्पिरिटचा दिवा विझवून तिनं दवाखान्यातून आलेली चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. ‘वरची पूर्ण कवळी. समोरची फट बुजवणे.’ ‘बुजवणे’च्या खाली रेघ मारलेली होती.

कवळ्या करण्यात तिची तीस वर्षं गेली होती आणि तीस वर्षांत तिनं चिठ्ठीबाहेर एक दात बसवला नव्हता. डॉक्टर म्हणतील तसा रंग, म्हणतील तसा आकार. कुणाला नटासारखे दात हवे असले तरी ती निमूटपणे नटासारखे करून देई. आज पहिल्यांदा हात वळवळला होता, आणि तो का वळवळला हे तिला नीट ठाऊक होतं.

चिठ्ठीसोबत पेशंटचा जुना फोटो होता. मूळचे दात कसे होते ते कळावं म्हणून तसा फोटो पाठवतात. तिला त्याची गरज नव्हती. हे दात तिला पाठ होते. एकोणीस वर्षं दर रविवारी दुपारी स्टेशनसमोरच्या हॉटेलात जाऊन तिनं ते पाहिले होते. तिथं तो जॅझ गिटार वाजवायचा आणि वाजवता वाजवता गायचा. आवाज काही मोठा नव्हता. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलावं तसा गायचा, आणि मधेच शब्द सोडून गिटारवर जे सूर वाजत असतील तेच तोंडानं म्हणायला लागायचा, इतके बरोबर की बोटं गळ्यामागे चाललीत की गळा बोटांमागे ते कळू नये. आणि ‘स’ आला की त्या फटीतून थोडी हवा निसटायची. गाण्याच्या शिक्षकानं त्याबद्दल कान धरला असता. तिचा मात्र तेवढ्या हवेवर जीव होता.

मनातल्या मनात ती त्याला अरे-तुरे करायची. प्रत्यक्षात एकोणीस वर्षांत एक शब्द बोलली नव्हती.

थोरली बहीण चहाचा कप घेऊन आत आली. दोघी बहिणी या घरात राहत आणि मागची खोली कवळ्यांची होती. बहिणीनं साच्याकडे पाहिलं, चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि कप खाली ठेवायचा विसरली.

“अगंबाई, तुझा गिटारवाला?”

“हळू बोल.”

“का? तो काय भिंतीपलीकडे बसलाय? आता तरी जाऊन बोल त्याच्याशी. खाणार आहे का तो तुला?”

“खायला दात कुठायत त्याला.”

बहीण इतकी हसली की चहा बशीत सांडला. हसून झाल्यावर तिनं फटीवर बोट ठेवलं. “आणि हे चिठ्ठीत आहे?”

“नाही.”

“मग?”

“फट बुजली तर तो आवाज गेला,” ती म्हणाली. “कायमचा.”

बहिणीला ते माहीत होतं. गेली दोन वर्षं त्यानं गाणं सोडलं होतं. नुसतीच गिटार वाजवायचा. जिथं गाणं सुरू व्हायचं तिथं येऊन हात थांबवायचा, त्याचा साथीदार एकटाच आपलं ते खर्जातलं मोठं तंतुवाद्य, बास, घुमवत राहायचा, आणि एवढी जागा रिकामी गेली की हा पुन्हा गिटार उचलायचा. हॉटेलातली माणसं खात असायची, बोलत असायची. ती मात्र डोळे मिटून त्या रिकाम्या जागेत त्याचं गाणं मनात म्हणून घ्यायची आणि घरी येऊन रात्रीपर्यंत चिडचिड करायची. तिला ते गाणं परत हवं होतं. या वयात एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटणं बरं नव्हे, असं स्वतःला बजावूनही हवंच होतं.

तो का गात नाही हे तिनं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. दात हलत असणार. माणूस तोंड उघडायला बिचकतो, शब्द घसरतात, मग गप्प बसतो. अशा शेकडो माणसांच्या कवळ्या केल्या होत्या तिनं. म्हणूनच ती चिठ्ठी हातात पडली तेव्हा तिला वाटलं, आता हे आपल्याच हातात आलं.

गुरुवारी सकाळी ती मेणाची कवळी डबीत घालून स्वतः दवाखान्यात गेली. एरवी डबी पाठवून दिली की काम भागायचं. डॉक्टर तरुण मुलगी होती, तिला ताई म्हणायची.

“बरं झालं आलात ताई. रंग तुम्हीच जुळवून बघा.”

तो खुर्चीत बसला होता. गळ्याखाली निळा कागद, ओठ आत गेलेले. इतक्या जवळून तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिनं मास्क नाकावर आणखी वर ओढला आणि कोपर खुर्चीला टेकवून कवळी त्याच्या तोंडात बसवली.

“साठपासून मोजा काका,” डॉक्टर म्हणाली. “सगळ्यांनाच मोजायला लावते मी. ‘स’ नीट येतो का ते कळतं.”

“साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट…”

हवा निसटली. तीच. ती घाईघाईनं रंगांची पट्टी शोधायला लागली.

त्यानं आरसा घेतला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. “ही फट मी बुजवायला सांगितली होती.”

डॉक्टरनं वाकून पाहिलं. “हो की. ताई?”

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “गाण्यासाठी ठेवली,” ती मास्कच्या आतून म्हणाली. “बुजवली तर आवाज बदलेल यांचा.”

त्यानं अंगठ्यानं कवळी सोडवली आणि तिच्या हातावर ठेवली. कवळीशिवाय त्याचा चेहरा एकदम दहा वर्षांनी म्हातारा झाला.

“गाणं कुठलं आता,” तो म्हणाला. “ते बंद झालं.”

“दात गेले म्हणून ना. पण आता…”

“दात या उन्हाळ्यात गेले हो. गाणं बंद होऊन दोन वर्षं झाली. तेव्हा चांगले खडीसाखर फोडत होतो.”

तीस वर्षं माणसांचे दात करून करून तिला जगातलं प्रत्येक दुखणं दातांचंच वाटायला लागलं होतं.

“मग का सोडलंत काका?” डॉक्टरनं सहज विचारलं. ती ट्रेमधली हत्यारं आवरत होती.

“काही नाही, येडेपणा.” त्यानं निळ्या कागदाची कड दुमडली, सरळ केली. “एका रविवारी घसा बसला होता म्हणून गायलो नाही. वाटलं, कुणीतरी येऊन विचारेल, आज गाणं नाही का? कुणी आलं नाही. पुढच्या रविवारी घसा बरा होता, पण म्हटलं, बघू. जागा तेवढी मोकळी सोडायची. कुणाला तरी खटकेल. मग बघतच राहिलो. एवढी वर्षं गायलो आणि एका माणसाला पत्ता लागू नये? मग तोंड उघडायचीच लाज वाटायला लागली.”



कवळी मुठीत धरून तिनं मास्क खाली ओढला. का ओढला ते तिलाही कळलं नाही, बहुतेक श्वास पुरत नव्हता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“तुम्ही खांबापाशी बसता,” तो म्हणाला.

“हो.”

“दर रविवारी.”

“हो.”

“तुम्हीसुद्धा नाही विचारलंत.”

शब्द साधे होते आणि त्यानं ते रागानं म्हटले नव्हते. त्यामुळेच ते वर्मी लागले. आपण उठून बारा पावलं गेलो असतो तर! पहिल्याच रविवारी. कलावंताला त्रास देऊ नये, आपण कोण विचारणारे, असलं काहीबाही मनात धरून ती बसून राहिली होती. त्या बसण्याला ती आदर समजत होती.

“मला वाटायचं, या बाईंना नुसती गिटारच बरी वाटत असेल,” तो म्हणाला. “गाण्याची जागा आली की तुम्ही निवांत डोळे मिटून घ्यायचात.”

“तुमचंच गाणं म्हणत असायचे मी. तिथं. मनात.”

“कुठलं?”

“जे असेल ते. त्या त्या जागेचं.”

“म्हणा बघू.”

“मी? छे हो. मला कुठं गाता येतं.”

“मनात येतं ना. म्हणा.”

बाहेर दोन पेशंट बसलेले होते. डॉक्टरनं दार लोटून घेतलं. तिनं कवळीवरची मूठ घट्ट केली, भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे नजर लावली आणि ती ओळ म्हटली. आवाज चिरका निघाला, दुसऱ्याच सुरात घसरला, पण शब्द सगळे होते. कानाच्या पाळ्या तापल्या तरी ती थांबली नाही.

त्यानं हात वर केला.

“लवकर आलात.”

“काय?”

“ओळीवर. पहिला ठोका पडला की लगेच उडी मारलीत. तसं नाही ते. बास पुढं जाऊ द्यायचा. आपण मागून यायचं, चालत.” खुर्चीच्या हातावर त्यानं अंगठ्यानं ठेका धरला. एक, दोन. तिनं पुन्हा तोंड उघडलं, तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. ठेका पुढं गेला. आणखी पुढं गेला. आणि मग, आता उशीर झालाच असं वाटत असताना, तो आला.

बोळकं तोंड, ओठ आत, ‘स’चा तर पत्ताच नाही. सगळे शब्द मऊ पडलेले. पण तोच होता, पुरता, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलणारा. तिनं या वेळी डोळे मिटले नाहीत.

ओळ संपली तरी अंगठा चालत होता, आणि तो पुढच्या ओळीत शिरला.

“मग फटीचं काय करायचं?” डॉक्टरनं हळूच विचारलं.

तिच्या मुठीतलं मेण केव्हाच ऊन होऊन मऊ पडलं होतं आणि दात जागचे हलत होते. तिनं मूठ उघडली नाही.