टिकलीभोवतीची मोकळी जागा

नवरा माझा कॉटवर तापाने फणफणलेला, आणि आमची धाकटी जाऊ आयसीयूत शिरली ती सरळ हात धुवायच्या बेसिनकडे गेली.

दिराच्या कपाळाला हात लावणं नाही, मॉनिटरकडे बघणं नाही. वाकून नळाखालच्या जाळीत डोकावली. खिशातून कापूस गुंडाळलेली लांब काडी काढली, जाळीतून आत घालून फिरवली आणि एका नळीत बंद केली. मग माझ्याकडे वळून विचारते, "वहिनी, जेवलात का?"

मनात म्हटलं, माझ्या जेवणाचं राहू दे बाई, आधी या माणसाकडे बघ.

ती याच हॉस्पिटलात जंतूंची डॉक्टर आहे. लग्न होऊन घरात आली तेव्हा आम्ही खूश होतो, घरचा डॉक्टर मिळाला. पण हिला सर्दी सांगावी तर म्हणायची, "आपोआप जाईल, गोळी कशाला?" यांनी तिचं नाव जंतूबाई ठेवलं. "डॉक्टर आहे, पण पेशंटला सोडून त्याच्याकडे आलेल्या पाहुण्यांची चौकशी करते," असं सगळ्यांना सांगत सुटायचे. ती हसायची, आणि सर्दी खरंच आपोआप जायची, हे आम्ही कधी मान्य केलं नाही.

हे लोकांना मोटार चालवायला शिकवतात. शेजारच्या सीटवर बसून जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबत आलेला माणूस. आतड्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, सर्जन स्वतः बाहेर येऊन सांगून गेले. मग काल ताप चढला आणि टाक्यांतून पू यायला लागला. धाकटीने त्याचा आणि रक्ताचा नमुना लगेच लॅबमध्ये नेला. रिपोर्ट यायला उद्याची सकाळ होणार होती. जंतू आधी वाढवावे लागतात, मग कुठल्या औषधाने मरतात ते बघावं लागतं, आणि जंतूंना घाई करा म्हणून सांगायची सोय नाही.

एरवी एवढी भीती वाटली नसती. पण या आयसीयूत आधीच काहीतरी बिनसलं होतं. धाकटी हॉस्पिटलातल्या प्रत्येक पेशंटच्या जंतूची हजेरी ठेवते. एका पेशंटची एक ओळ; औषध चाललं तर हिरवा चौकोन, नाही चाललं तर लाल. आठवड्याच्या आठवड्याला, कुणी मागो न मागो. ते चौकोन रंगवता रंगवता तिला इथल्या दोन पेशंटच्या ओळी हुबेहूब सारख्या दिसल्या, जवळजवळ सगळ्या लाल. एक पेशंट कसाबसा घरी गेला होता. दुसरे आजोबा यांच्या शेजारच्या कॉटवर होते.

"माणसं आली वेगवेगळ्या आजारांनी, आणि जंतू एकाच आईची लेकरं," धाकटी मला म्हणाली होती. "म्हणजे ते बाहेरून आलेले नाहीत, वहिनी. इथेच कुठेतरी त्यांचं बिऱ्हाड आहे."

ते बिऱ्हाड ती शोधत होती. कॉटचे दांडे, पडदे, मशीनची बटणं, दरवाजाच्या मुठी, सगळीकडे काड्या फिरवून झाल्या होत्या. हाती काही लागलं नव्हतं.

एवढ्यात सर्जन आले. मोठा धिप्पाड माणूस, पण बोट लावतील तिथे अगदी हलकं.

"हे बघा, शेजारच्या कॉटवर तो जंतू आहे, यांनाही तोच असणार. राखीव औषध आत्ताच सुरू करतो."

राखीव म्हणजे बाकी सगळी औषधं हरल्यावर काढायचं ते. त्यानंतर कपाटात काही उरत नाही.

"सर, यांच्या किडन्या आधीच कुरकुरतायत," धाकटी म्हणाली. "ते औषध किडनीवर जातं."

"आणि जंतू कशावर जातो?"

"बीपी चांगलं आहे, लघवी होतेय, शुद्धीवर आहेत."

"शुद्धीवर? मघाशी मला म्हणाले, आरशात बघा आणि गाडी डावीकडे घ्या."

"ते शुद्धीवरही तसंच बोलतात," मी म्हटलं.

सर्जनना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. धाकटी हसली नाही. "साधं औषध चालू आहे. सकाळी रिपोर्ट येतोय. तोवर जरा जरी घसरले, तर मीच फोन करून राखीव सुरू करा म्हणेन. अंदाजाने आत्ता देऊ नका, सर."

सर्जन तिच्याकडे बघत राहिले. "दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं. पण तुमचे चौकोन मी दर आठवड्याला बघतो. सकाळपर्यंत थांबतो. त्यापुढे नाही."

ते गेले आणि माझा तोल सुटला. "अगं, परका डॉक्टर औषध देतोय आणि घरचं माणूस तू नको म्हणतेस? यांना काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"वहिनी, घरचे आहेत म्हणून मलाही देऊन मोकळं व्हावंसं वाटतंय," ती म्हणाली. "दुसरं कुणी इथे असतं तर मी काय म्हटलं असतं, तेवढंच धरून बसलेय." नळीचं झाकण ती पुन्हा पुन्हा घट्ट करत होती. ते केव्हाच लागलं होतं.

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पटलं म्हणून नव्हे. तिचे हात पाहिले म्हणून.

दुपारी भेटीच्या वेळेला मी अंगावर झगा चढवून आत गेले, तर ही पुन्हा बेसिनपाशी. या खेपेला हातात हिरव्या रंगाची बाटली. बेसिनभोवती तिने पांढरे कागद पसरले होते, पार शेजारच्या ओट्यापर्यंत. त्या ओट्यावर इंजेक्शनं भरायचा ट्रे असतो. समोर मोठ्या सिस्टर कंबरेवर हात ठेवून उभ्या. सगळा आयसीयू त्यांच्या धाकात, आणि धूळ तर सगळ्यांत जास्त धाकात.

"मॅडम, माझं बेसिन इथली सगळ्यांत स्वच्छ जागा आहे. उभं राहून घासून घेते मी."

"माहितेय सिस्टर. म्हणून तर सगळ्यात शेवटी इथे आले."

तिने हिरवा रंग जाळीतून आत ओतला आणि नळ सोडला. धार थेट जाळीवर पडली. आम्ही तिघी वाकून बघतोय, मला तर काहीच दिसेना. मग तिने नळ बंद केला आणि कागद उचलला. त्यावर बारीक हिरवे ठिपके होते. पुढच्या कागदावरही. अगदी ट्रेच्या कडेपर्यंत.

धाकटीने हळू विचारलं, "सिस्टर, बाटल्यांत उरलेलं औषध कुठे टाकता?"

"कचऱ्यात कशी टाकेन? कुणी वेचून नेलं, विकलं तर?" मोठ्या सिस्टरांचा आवाज अजून ताठ होता. "सगळ्यांना बजावलंय, उरलेला थेंब न् थेंब बेसिनमध्ये ओतायचा, आणि वरून भरपूर..."

पाणी हा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला. त्यांनी जाळीकडे पाहिलं.

एवढा चोखपणा होता म्हणूनच हे घडलं होतं. गबाळ्या वॉर्डात बाटल्या तशाच कोपऱ्यात पडल्या असत्या. इथे मात्र पाइपातल्या बुळबुळीत थराला रोज नियमाने प्रत्येक औषधाचा घोट मिळत होता. दुबळे जंतू मेले, चिवट तेवढे राहिले आणि त्यांचाच संसार वाढला. नळ सोडला की त्यातले थोडे उडून वर यायचे.

"म्हणजे आजोबांना मी..." सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही नाही." धाकटीने कागदाची घडी घालून ते ठिपके आत घेतले. "उरलेल्याचं काय करायचं, हे आम्ही कुणी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. तुम्ही तुमच्या परीने चोरी टाळलीत. आता वेगळा डबा ठेवू, औषध तिथेच निकामी करू. पाइप बदलू. मीटिंगमध्ये मी बेसिनबद्दल बोलेन, माणसांबद्दल नाही."

मी तिथे उभी राहून तिच्याकडे बघत होते. बरोबर ठरण्याची एवढी सोन्यासारखी संधी, मी तर घरात वर्षभर पुरवली असती. हिने ती घडी घालून खिशात टाकली.

मोठ्या सिस्टरांनी चिकटपट्टी मागवली आणि नळ, जाळी, सगळं स्वतःच्या हाताने बंद केलं. ट्रे दुसऱ्या टोकाला गेला, यांची आणि आजोबांची कॉटही तिथून हलली. तेवढ्यात सर्जन सवयीने हात धुवायला आले आणि थबकले. "आता मी हात कुठे धुवू?"

"बाहेर," सिस्टर म्हणाल्या. "आणि धुतलेले मला दाखवा."

संध्याकाळी यांचा ताप तसाच होता. बाहेरच्या बाकावर मी आणि आजोबांची बायको शेजारी शेजारी बसलो होतो. काकू फार बोलत नसत. मधूनच माझ्या गुडघ्यावर थोपटत. फोन वाजला की धाकटीचा तर नाही, म्हणून मी आधी नाव बघायचे. आज थांबलो ते चुकलं असेल तर? राखीव सुरू केल्याचा फोन रात्रभर आला नाही.

सकाळी धाकटीने मला लॅबच्या खिडकीशी बोलावलं. तिचे डोळे लाल झाले होते. तिने काचेपलीकडून एक गोल बशी उजेडाला धरली. आत जंतूंचा सायीसारखा थर होता आणि त्यावर कागदाच्या पांढऱ्या टिकल्या ठेवलेल्या.

"प्रत्येक टिकलीत एक औषध. ते झिरपतं, आणि जिथे जंतू मरतात तिथे मोकळी जागा पडते. हे भावजींचं."

जवळजवळ प्रत्येक टिकलीभोवती मोठं, स्वच्छ कडं होतं.

"हा तो जंतू नाहीच, वहिनी. त्यांचा स्वतःचाच आहे, आतड्यातला, घरून आणलेला. चालू आहे त्याच औषधाने मरतोय. पहाटेपासून ताप उतरायला लागलाय. सर्जनना सांगितलंय, राखीव नको."

मी खिडकीच्या कठड्याला धरून उभी राहिले. मग तिला विचारलं, "जेवलीस का?"

माझ्या मागे काकू येऊन उभ्या होत्या, ते मला कळलं नव्हतं. "आमच्यांची आहे का हो तशी?" त्यांनी विचारलं.

धाकटीने आणखी दोन बशा आणल्या. एक बेसिनची, कालची काडी थेट बशीवर फिरवून वाढवलेली, आणि एक आजोबांची. दोन्ही सारख्या, टिकल्यांना चिकटून थर वाढलेला, टिकल्या जणू तिथे नव्हत्याच. तिने आजोबांची बशी फिरवली आणि एका टिकलीवर बोट ठेवलं. तिच्याभोवती मोकळी जागा होती. फार मोठी नव्हती, पण होती.

"हे राखीव. याला ते अजून मरतात. याची तपासणी वेगळी लावावी लागते, ती आज आली आणि सर्जननी मघाशीच सुरू केलंय."

काकूंनी काचेवर बोट टेकलं आणि त्या कड्याची रुंदी मापली, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"एवढं पुरेल?"

"पुरवू," धाकटी म्हणाली.